ठोकळा फाटला म्हणजे…

“ठोकळा फाटला म्हणजे…” एवढं बोलून नवरा थांबला.

प्रेसबाई बेसिनपाशी उभी राहून कोपरापर्यंत साबण चोळत होती. रबराच्या कारखान्यातला काळा रंग साबणाला भीक घालत नाही, तरी ती रोज त्याच्याशी भांडायची. आज जरा जास्तच. टेबलावरचा पंखा डावीकडून उजवीकडे वळला, टोकाला जाऊन कुरकुरला आणि परत फिरला. नवरा अजून थांबलेलाच होता.

“म्हणजे माझंच चुकलं, हेच ना?” तिने त्याचं वाक्य पुरं करून टाकलं. “बोला की सरळ. बाईचा हात गेला म्हणा. वय झालं म्हणा.”

“तसं नाही गं, मी…”

“राहू द्या. जेवायला बसा.”

त्याची वाक्यं पुरी करणं हे लग्न झाल्यापासून तिच्या घरकामातच मोडत होतं. केर काढावा, भांडी लावावीत, तशी नवऱ्याची वाक्यं पुरी करावीत. माणूस चांगला, कशात नाव ठेवायला जागा नाही. पण बोलायला लागला की चार शब्दांवर गाडी थांबायची, आणि पुढच्या शब्दाची वाट बघत बसलं तर भात करपायचा. पहिल्या भेटीतसुद्धा “तुम्हाला…” म्हणून तो असा काही थांबला की तिनेच घाबरून “पाणी हवंय का?” असं विचारलं होतं. त्याने मान हलवली होती. थोरल्या बहिणीने तर तेव्हाच सांगून टाकलं, “मेव्हण्यांची बॅटरी उतरलीय गं, बदलून घे.” दोघी पोट धरून हसल्या होत्या. पुढे हसणं कमी होत गेलं आणि वाक्यं पुरी करणं तेवढं राहिलं.

तो पूर्वी ड्रेजरवर होता. बंदराच्या तोंडाशी साचलेला गाळ आणि त्याखालचा खडक खोदून काढणारं ते जहाज. तिथे तो विंच, म्हणजे जाड तारा ओढणारं यंत्र, चालवायचा. पाठ आणि हात कामातून गेले तशी नोकरी सुटली. आता घर सांभाळायचा, तिचा डबा भरायचा. तोही कसा, तर ओट्यापुढे गुडघे किंचित वाकवून, टाचा उचलून. “अहो, उडी मारायचीय का?” असं ती चिडवायची. जहाजाविषयी विचारलं तर तो म्हणायचा, “जहाज म्हणजे…” आणि ती म्हणायची, “जहाज. कळलं.”

फाटलेला ठोकळा आदल्या दिवशी हातगाडीवरून परत आला होता. मालकाने तो थेट तिच्या प्रेससमोर आणून ठेवला आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. बोलला असता तर परवडलं असतं.

ते ठोकळे तिच्या हातचे होते. ड्रेजरचा लांबलचक लोखंडी हात, जहाजावरचे लोक त्याला शिडी म्हणतात, समुद्राच्या तळाशी जाऊन खडक फोडतो. प्रत्येक घाव त्या शिडीतून उलटा वर येतो आणि जहाजाच्या अंगात शिरतो. तो तिथेच जिरावा म्हणून शिडी जहाजाला टेकते त्या जागी रबराचे ठोकळे बसवतात. रबराचा एक थर, त्यावर पोलादी पत्रा, पुन्हा रबर, असं एकावर एक रचायचं, साच्यात घालायचं आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबून शिजवायचं. शिजवणं हाच तिथला शब्द. कच्चा राहिला तर ठोकळा बसतो, जास्त झाला तर तडकतो. साचा उघडला की ती लाकडी हातोडीने एक टोला द्यायची आणि कान लावायची. आवाज भरीव यायला हवा. पोकळ आला की ठोकळा बाद, मग मालकाने कितीही हात जोडले तरी बाद.

नवरा जहाजावरून उतरला त्यानंतर कधीतरी या ठोकळ्यांची पद्धत आली. तेव्हापासून ती ते करत होती, आणि ठोकळा जातो कुठे, बसतो कुठे, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

फाटलेला ठोकळा तिने उलटसुलट करून पाहिला. रबर पत्र्यापासून सुटलं नव्हतं, म्हणजे चिकटवण्यात खोट नव्हती. ते मधोमध, आपलं आपणच चिरत गेलं होतं. मग शिजवण्यात कमीजास्त झालं का? आपला अंदाज चुकायला लागला का? जगात मिरवावं असं तिच्याजवळ फार काही नव्हतं. नाकीडोळी बेताची, शिक्षण बेताचं, बोलणं मात्र गरजेपेक्षा जास्त. पण ‘प्रेसबाईचा ठोकळा’ म्हटलं की पुढे कुणी तपासत नसे, एवढं एक होतं. तेच आता हातगाडीवर पडलं होतं.

“जहाजावर बोलावलंय,” दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला. “नवा ठोकळा घेऊन या आणि करणाऱ्यालाही आणा, म्हणतात. बाई, त्यांनी नाकारलं तर ही प्रेस विकून मी काय गाद्या शिवू?”

“शिवा की,” ती म्हणाली. “बसल्याजागी झोपही होईल.”

पुढच्या सकाळी लाँचमधून निघाले तेव्हा मालक नव्या ठोकळ्यावर हात ठेवून बसला होता, जणू तो उडी मारून पळणार होता. लांबून ड्रेजर दिसला तो कळकट आणि बोजड. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. मग लाँच जवळ गेली, आणखी जवळ गेली, आणि प्रेसबाईची मान मागे मागे जायला लागली. डोक्यावर शिडी उचललेली होती. एवढं लोखंड एका ठिकाणी तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ते एका टोकाला जहाजाला जोडलेलं आणि बाकी सगळं हवेत, आणि पार टोकाला ते खडक फोडणारं डोकं, चहूबाजूंनी दातच दात. एकेक दात तिच्या पंजाहून मोठा.

“अगं आई गं,” ती म्हणाली.

डेकवर एका कोपऱ्यात काढलेले जुने दात पडले होते. नव्या दाताशेजारी ते पाहून तिला बेसिनवरच्या साबणाच्या चिपा आठवल्या. पोलादाचं हे होतं तर रबराचं काय होणार!

“पार खडकात काम असलं की हे दात एक दिवसही टिकत नाहीत,” मागून आवाज आला. पांढऱ्या मिशांचा एक धिप्पाड माणूस हात पुसत उभा होता. जहाजावरचे सगळे त्याला मोठे मिस्त्री म्हणत. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही विंचवाल्याच्या घरच्या ना? वहिनी, त्याच्याच हाताखाली शिकलो मी. कसा आहे तो?”

“बरे आहेत. माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतात.”

“तो काहीही चांगलंच करायचा,” मिस्त्री म्हणाला आणि वर बोट दाखवलं. “ती खोली बघा. शिडीच्या मुळाशी, अगदी वर. तिथे बसायचा.”

खोली कसली, खिडक्या असलेला पिंजरा होता तो. शिडी जहाजाला टेकते त्या जागेच्या बरोबर माथ्यावर.

“आता गंमत बघा,” मिस्त्री मालकाला म्हणाला. “ठोकळा फाटला त्या बाजूला आम्ही लोखंडी पट्ट्या घालून कसंबसं रेटतोय. आधी तसं चालवून दाखवतो, मग तुमचा नवा घालू. वहिनी, कठडा धरा. गुडघे सैल ठेवा, टाचा टेकवू नका. आणि जीभ आत.”

शिडी पाण्यात गेली. डोकं फिरायला लागलं, पाण्याला उकळी फुटली. मग दोन्ही बाजूंच्या जाडजूड तारांनी शिडीला ओढून सावकाश डावीकडे न्यायला सुरुवात केली. सगळं शांत होतं. प्रेसबाईला वाटलं, एवढंच? तेवढ्यात तार कुठेतरी कुरकुरली.

मग घाव बसला.

तो आवाज कानाने ऐकायचा नव्हताच. तळव्यातून शिरला, नडगीतून वर गेला, कंबरेत एक कळ देऊन मणक्यांतून चढला आणि दातांवर येऊन आपटला. डोळ्यांपुढे क्षणभर एका जहाजाची दोन जहाजं झाली. मालक मटकन खाली बसला. ती कठड्याला लटकली. सावरते न सावरते तोच तार पुन्हा कुरकुरली, आणि पुन्हा. तिच्या आयुष्यात इतकं मोठं काही घडलं नव्हतं. पायाखाली, पाण्याखाली, कुणीही कधी न पाहिलेला खडक फुटत होता. माणसाने बनवलेली वस्तू पृथ्वीशी अशी हातघाईवर येऊ शकते, हे तिला ठाऊकच नव्हतं. भीती वाटत होती आणि नजर हटत नव्हती.

आजूबाजूला खलाशी उभे होते, सगळे गुडघे किंचित वाकवून, टाचा उचलून. तिने तिसऱ्या-चौथ्या माणसाकडे पाहिलं आणि तिला आपला ओटा दिसला.

“बंद करा!” मिस्त्री ओरडला. डोकं थांबलं. तिचे हात कठड्यावरून सुटेनात.

“हे एका बाजूचं,” मिस्त्री म्हणाला. “दुसऱ्या बाजूचा ठोकळा शाबूत आहे. आमच्या काळी दोन्हीकडे लोखंडच होतं.”

“आणि हे दिवसभर?”

“खडक लागला की दिवसभर.”

तिने वरच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. तिथे तो किती वर्षं बसला होता, याचा हिशेब करायची तिची छाती झाली नाही.

ठोकळा बदलायला दुपार झाली. साखळ्या लावून तिचा नवा ठोकळा त्या खाचेत उतरवताना तिने सगळ्यांना बाजूला केलं, हातोडी काढली आणि एक टोला दिला. आवाज भरीव आला. खलाशी हसले, पण पुढे होऊन एकाने टोपी मागे सारली आणि तिला वाट करून दिली. खाचेच्या भोवती जहाजाचं जुनं लोखंड होतं. त्यावर तडे सांधणाऱ्या जुन्या वेल्डिंगच्या रेघांवर रेघा चढलेल्या, जखमांवर टाके पडावेत तशा. नवी रेघ मात्र एकही नव्हती.

पुन्हा शिडी खाली गेली. या वेळी मिस्त्रीने तिला ठोकळ्यापासून थोड्या अंतरावर, जाळीआड उभं केलं. तार कुरकुरली. ती डोळे मिटणार होती, पण मिटले नाहीत.

ठोकळा दबला. एवढा टणक ठोकळा, ज्यावर हातोडी उसळते, तो लोण्यासारखा दबला, त्याच्या कुशी फुगल्या, आणि तो परत जागेवर आला. पायाखालचा डेक नुसता शहारला. बाकी काही नाही. पुन्हा घाव, पुन्हा दबला, पुन्हा परतला. समुद्राच्या तळातून येणारा तो सगळा कोप त्या काळ्या ठोकळ्यापाशी यायचा आणि तिथे संपायचा. पलीकडे मिस्त्रीच्या स्टुलावर चहाचा पेला होता. त्यातला चहा सांडला नाही.

प्रेसबाईला रडू यायला लागलं. हे आपण केलं? या हातांनी, गप्पा मारत, पाठ खाजवत, मालकाला टोमणे मारत केलं? इतकी वर्षं आपण काय करत होतो ते आपल्यालाच ठाऊक नव्हतं! तिने जाळीवर कपाळ टेकलं.

“असेच पाठवा,” मिस्त्री मालकाला सांगत होता. “तसूभर बदल नको.”

मालकाचा चेहरा उजळला. पण प्रेसबाईचं समाधान झालं नाही.

“मिस्त्री, खरं सांगा,” ती म्हणाली. “मग तो फाटला का? माझं काही चुकलं होतं का?”

“छे हो, वहिनी. ठोकळा फाटला म्हणजे…”

तार कुरकुरली. मिस्त्री थांबला. जीभ आत, जबडा घट्ट, नजर स्थिर. घाव बसला, ठोकळ्याने तो गिळला, पेल्यातला चहाही सांडला नाही, तरी मिस्त्री थांबलेलाच होता. प्रेसबाईने आजूबाजूला पाहिलं. दोरी गुंडाळणारे दोघे काहीतरी बोलत होते, तेही अर्ध्या शब्दावर थांबले होते. मग घाव सरला आणि सगळ्या जहाजावरची बोलणी जिथे तुटली होती तिथून पुन्हा सुरू झाली. धक्का कधीच गेला होता, थांबणं अंगात राहिलं होतं.

“काय म्हणत होतो…” मिस्त्री म्हणाला, पण तेवढ्यात इंजिनाकडून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

परतताना मालक सबंध वाटभर बोलत होता. ती ऐकत नव्हती. ते वाक्य पुरं कसं होतं हे तिला आता एकाच माणसाला विचारता येणार होतं, आणि दोन रात्रींपूर्वी तिने त्यालाच अर्ध्या वाक्यावर जेवायला बसवलं होतं.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. तो ओट्यापुढे उभा होता, गुडघे वाकवून, टाचा उचलून. तिने चिडवलं नाही.

“कसं झालं?” त्याने विचारलं.

“ठेवून घेतला. असेच पाठवा म्हणाले.” ती टेबलाशी बसली. “तुम्ही बसा इकडे. परवा तुम्ही काय म्हणत होता? ठोकळा फाटला म्हणजे, आणि पुढे?”

तो बसला. त्याने हात पुसले. ते नेहमीसारखे बारीक थरथरत होते.

“अगं, ठोकळा फाटला म्हणजे…”

पंखा टोकाला गेला आणि कुरकुरला. तो थांबला. जीभ आत, जबडा घट्ट.

तिच्या जिभेवर शब्द आले, सवयीने. तिने ते गिळले. पंखा परत फिरला. त्याने तोंड उघडलं, पंखा दुसऱ्या टोकाला पोचला, कुरकुरला, आणि तो पुन्हा थांबला. पंखा, दाराची बिजागरी, खुर्ची, पलंग, गल्लीतून जाणारी गाडी. या घरात कुरकुर नाही असं काय होतं? आणि प्रत्येक कुरकुरीला हा माणूस घावाची वाट बघत बसला होता. आणि तो बसला होता तेवढ्यात ती वाक्य उरकून मोकळी झाली होती.

ती उठली आणि तिने पंखा बंद केला.

पाती फिरत राहिली, मंदावली, थांबली. खोली एकदम उकडायला लागली. तो चकित होऊन तिच्याकडे बघत होता.

“बोला,” ती म्हणाली.

“ठोकळा फाटला म्हणजे बाकीचं वाचलं,” तो म्हणाला. एका दमात. “तो त्यासाठीच असतो. जहाजाला तडा जाण्याऐवजी तो चिरतो. तुझा ठोकळा कच्चा असता तर पहिल्याच मोसमात गेला असता. त्याने सगळा मार खाल्ला, वर काहीही जाऊ दिलं नाही, आणि मग फाटला. चांगल्या ठोकळ्याला असंच मरण येतं.”

एवढं लांब बोलणं तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज इतका छान होता हेही तिला ठाऊक नव्हतं.

“आणि तुमच्या वेळी?” तिने विचारलं. “ठोकळे नव्हते तेव्हा?”

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

“तेव्हा आम्ही होतो,” तो म्हणाला.

आज पहिल्यांदाच त्याच्या वाक्यात तिला पुरं करण्यासारखं काही सापडलं नाही. तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. साबणाला न बधलेले तिचे काळे हात, आणि त्यांत त्याचे थरथरणारे. मग तो बोलत राहिला. वरच्या पिंजऱ्याबद्दल, पहाटेच्या पाण्याबद्दल, एकदा डोक्याच्या दातांत अडकून वर आलेल्या कुण्या जुन्या जहाजाच्या नांगराबद्दल. ती तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. वर्षानुवर्षं हे सगळं या घरात होतं, याच टेबलापलीकडे.

“एक सांगा,” शेवटी ती म्हणाली. “पहिल्या भेटीत तुम्ही ‘तुम्हाला’ म्हणून थांबला होता. पुढे काय होतं?”

तो आठवायला लागला. मग हसला. “तुम्हाला त्रास नसेल तर जरा पाणी द्या, असं म्हणणार होतो.”

ती हसली, हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसली. दोघेही घामाने निथळत होते. त्याच्या कपाळावरून एक धार भुवईत उतरली तसा त्याचा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला.

तिने तो मधेच धरला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तुम्ही बोला.”